शंकरपट

शंकरपट किंवा नुसता पट ही विदर्भातील बैलजोड्यांची पारंपरिक शर्यत होय. धानाची मळणी आटोपल्यानंतर हिवाळ्यात, मोकळ्या झालेल्या शेतजमिनीवर किंवा गावाच्या सामाईक पटांगणावर ती भरते. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळ व अमरावती या जिल्ह्यांत शंकरपटाची परंपरा आढळते. भंडारा जिल्ह्यातील लाखनी व अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर ही या शर्यतीची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. तुमसर, मोहाडी, साकोली व लाखनी या तालुक्यांच्या ग्रामीण भागात पटाचा हंगाम हा वर्षातील प्रतीक्षेचा काळ मानला जातो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यती बंद झाल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने अटींसह त्यांना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा शर्यतविषयक कायदा वैध ठरवला. या घडामोडींमुळे शंकरपटाची प्रतीक्षा काही वर्षे केवळ ऋतूची राहिली नव्हती, ती न्यायालयाच्या निर्णयाचीही झाली होती.

नाव

शंकराचे वाहन नंदी असल्याने बैलांच्या या खेळाला शंकराचे नाव मिळाले, अशी लोकांची समजूत आहे. ‘पट’ हा शब्द शर्यत आणि शर्यतीचे मैदान या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. ‘पट भरला’, ‘पटाची जोडी’, ‘पटाचा बैल’ असे प्रयोग बोलीत रूढ आहेत. पटाची आवड असणाऱ्याला ‘पटशौकीन’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात याच प्रकारच्या खेळाला बैलगाडा शर्यत किंवा नुसते ‘शर्यत’ असे म्हणतात, मात्र तेथील पद्धती वेगळ्या आहेत.

भौगोलिक व कृषी पार्श्वभूमी

तुमसर हे भंडारा जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण असून तांदळाची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. तालुक्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला लागून आहे. वैनगंगा व बावनथडी या येथील प्रमुख नद्या होत. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. नागपूर–गोंदिया लोहमार्गावरील तुमसर रोड स्थानकातून तिरोडीकडे जाणारा फाटा निघतो. असे असले तरी तालुक्याचे वार्षिक चक्र मुख्यतः धानावर फिरते.

पावसाळ्याच्या आरंभी पऱ्हे टाकले जातात. नंतर बांध्यांमध्ये चिखलणी व रोवणी होते. हलके धान ऑक्टोबरमध्ये, तर भारी धान नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत कापणीला येते. कापलेल्या धानाचे पुंजणे रचले जातात आणि सवडीने मळणी होते. या साऱ्या कामांत बैलाला उसंत नसते. मळणी संपून धान घरी किंवा बाजारात गेले, की शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा येतो आणि बैलाला विश्रांती मिळते. पटाचा हंगाम याच संधीत येतो. तो साधारणतः पौष-माघात रंगतो आणि उन्हाळ्याची चाहूल लागेपर्यंत चालतो.

पटासाठी जागा निवडताना एक अडचण येते. पूर्व विदर्भात धानाच्या उभ्या पिकातच लाखोळी, जवस यांसारखी पिके पेरण्याची उतेरा पद्धत आहे. त्यामुळे धान कापल्यावरही अनेक बांध्या रिकाम्या राहत नाहीत. शिवाय धानाच्या शेतात ठरावीक अंतरावर धुरे असतात. पटाला लागणारी सलग, सपाट व लांब जमीन म्हणूनच सहज मिळत नाही. ज्या गावात अशी जमीन आहे, तेथे पट वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी भरतो आणि ती जागा पटाच्याच नावाने ओळखली जाऊ लागते.

शर्यतीचे स्वरूप

शंकरपटात दोन बैलांची एक जोडी असते. जोडी एका अतिशय हलक्या दुचाकी गाडीला जुंपतात. गाडीवर एकच हाकणारा असतो. विदर्भात त्याला धुरकरी असेही म्हणतात. गाडी जितकी हलकी तितकी ती उलटण्याची शक्यता अधिक, म्हणून तोल सांभाळणे हे धुरकऱ्याचे पहिले कौशल्य ठरते. दोन्ही बैलांना एका चालीत ठेवणे हे दुसरे. जोडीतील एक बैल वेगवान आणि दुसरा मंद असेल, तर गाडी एका बाजूला ओढली जाते व जोडी धावपट्टी सोडते.

धावपट्टी सरळ असते. तिच्या एका टोकाला जोड्या सोडतात, दुसऱ्या टोकाला अंतिम रेषा असते. अंतिम रेषेपुढे बैलांना थांबण्यासाठी मोकळी जागा ठेवावी लागते. सुटण्याची खूण झेंडीने दिली जाते. निकालाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत दोन जोड्या शेजारच्या धावपट्ट्यांवर एकाच वेळी सोडतात आणि आधी पोहोचणारी जोडी पुढच्या फेरीत जाते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक जोडी एकटी धावते व तिला लागलेला वेळ घड्याळावर मोजला जातो. पूर्वी हे काम हातातील थांबघड्याळावर होई व त्यावरून वाद होत. आता अनेक ठिकाणी विद्युत यंत्रणेने सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ नोंदवतात.

संपूर्ण धाव काही सेकंदांत आटोपते. प्रेक्षक मात्र त्यासाठी सकाळपासून सायंकाळपर्यंत धावपट्टीच्या दोन्ही अंगांना उभा असतो. पट सहसा एकापेक्षा अधिक दिवस चालतो. प्रारंभीच्या दिवसांत प्राथमिक फेऱ्या होतात आणि अखेरच्या दिवशी निवडक जोड्यांत चुरस होते.

अन्य प्रदेशांतील प्रकार

महाराष्ट्रातच या खेळाची अनेक रूपे आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात चढाच्या ‘घाटा’वर बैलगाडे पळवले जातात आणि त्यांच्या पुढे घोडी धावते. सातारा, सांगली व कोल्हापूर भागात खिल्लार बैल शर्यतीत दिसतात. तेथे बैलांच्या दातांवरून आदत, दुसा, चौसा असे गट पाडण्याची रीत आहे. रायगड जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर शर्यती होतात. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील कंबळा हा पाण्याने भरलेल्या चिखलाच्या धावपट्टीवर म्हशी किंवा रेड्यांच्या जोड्या पळवण्याचा खेळ आहे. २०२० मध्ये श्रीनिवास गौडा यांनी कंबळ्यात १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत पार केल्याची नोंद झाल्यावर त्या खेळाकडे देशभराचे लक्ष गेले. तमिळनाडूतील जल्लीकट्टू ही शर्यत नाही. त्यात माणसे मोकळ्या बैलाच्या वशिंडाला धरून राहण्याचा प्रयत्न करतात. तथापि न्यायालयीन लढ्यात जल्लीकट्टू, कंबळा व महाराष्ट्रातील शर्यती यांचे भवितव्य एकत्र बांधले गेले.

बैल व त्यांची तयारी

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत कठाणी हा स्थानिक गोवंश आढळतो. लहान बांध्याचा हा बैल धानाच्या चिखलात काम करण्यास सोयीचा असतो. वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ हा गोवंश चपळ चालीसाठी प्रसिद्ध आहे. रस्ते व मोटारी वाढण्यापूर्वी विदर्भात प्रवासासाठी छकडा, दमणी, रेंगी अशा हलक्या गाड्या वापरात होत्या. त्या काळी भरधाव जाणारी जोडी ही हौसेची वस्तू होती आणि उपयोगाचीही होती. शंकरपटातील वेगाच्या आवडीमागे हा इतिहास आहे.

पटाचा बैल लहानपणीच हेरला जातो. पायांची ठेवण, छातीची रुंदी, चालीतील सरळपणा आणि आवाजाला मिळणारा प्रतिसाद यांवर जाणकारांची नजर असते. वय दातांवरून ओळखतात. साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पहिले दोन कायमचे दात येतात व पाचव्या वर्षाच्या आसपास तोंड जुळते. त्यानंतरची काही वर्षे बैलाच्या उमेदीची असतात.

पटाच्या बैलाला तणसाबरोबर हिरवा चारा, सरकीची ढेप, चुनी, हरभरा किंवा उडीद असा खुराक दिला जातो. त्याला दररोज चालवणे, धुणे व अंग चोळणे ही कामे घरातील माणसेच करतात. अनेक घरांत पटाच्या बैलाला जड नांगरणीला जुंपत नाहीत. त्यामुळे असा बैल पाळणे लहान शेतकऱ्याला परवडणारे नसते. काही ठिकाणी दोन शेतकरी प्रत्येकी एक बैल सांभाळतात आणि हंगामापुरती जोडी जमवतात. चांगल्या बैलाची किंमत पटातील कामगिरीवर ठरते व ती सामान्य ओढकामाच्या बैलापेक्षा कितीतरी अधिक असते.

हंगामाची प्रतीक्षा

पटाच्या प्रतीक्षेला खरी सुरुवात पोळ्याला होते. श्रावण अमावास्येला बैलांना सजवून तोरणाखाली उभे करतात, तेव्हा गावात कोणाकडे नवी जोडी आली, कोणाचा गोऱ्हा तयार झाला, कोणाचा बैल थकला हे सर्वांना एकाच जागी दिसते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन निघतात. पटाची गोडी मुलांना लागते ती अनेकदा येथूनच.

पोळ्यानंतर रोवणी झालेले धान पोटरीवर येते आणि कामाच्या धबडग्यात पटाची चर्चा मागे पडते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली, की ती पुन्हा वर येते. मंडई हा पूर्व विदर्भातील दिवाळीनंतरचा गावमेळावा होय. त्यात दंडार व नाटके होतात आणि दूरदूरचे नातेवाईक भेटतात. कोणत्या गावचा पट यंदा भरणार, किती बक्षिसे लागणार, कोणत्या जोड्या येणार यांचा अंदाज मंडईतच बांधला जातो.

शंकरपटाला राज्यभर एकच संघटना, एकच वेळापत्रक किंवा गुणांकनाची एकच पद्धत नाही. गावचा पट गावची समिती भरवते. अनेक गावांचा पट ठरावीक सणाच्या किंवा यात्रेच्या आगेमागे येत असल्याने पटशौकिनांना साधारण क्रम तोंडपाठ असतो. तथापि निश्चित तारीख पत्रकावरूनच कळते. पूर्वी ही पत्रके आठवडी बाजारात, एसटी स्थानकावर, पानठेल्यावर व भात गिरणीच्या भिंतीवर लागत. आता तीच पत्रके भ्रमणध्वनीवरून काही क्षणांत सीमेपलीकडील मध्य प्रदेशातील गावांपर्यंत पोहोचतात. पत्रकात तारीख, स्थळ, प्रवेश शुल्क, बक्षिसांचा तपशील आणि नियम दिलेले असतात.

हंगामापूर्वीच्या चर्चेचा मुख्य विषय ‘जोडी’ हाच असतो. मागील वर्षी गाजलेल्या जोडीतील एक बैल विकला गेला, आजारी पडला किंवा दगावला, तर जोडी फुटली असे म्हणतात. उरलेल्या बैलाला जोडीदार शोधणे सोपे नसते. उंची, चाल आणि स्वभाव जुळावा लागतो. दोन उत्तम बैल एकत्र जुंपले म्हणजे उत्तम जोडी होतेच असे नाही. नव्या जोडीचा सराव मालक शक्यतो पहाटे आणि आडवाटेला घेतात. तरीही त्याची वार्ता फुटते आणि पहिल्या पटापूर्वीच त्या जोडीविषयी मते तयार होतात. पहिल्या पटात ही मते खरी ठरतात किंवा फिरतात. म्हणूनच हंगामातील पहिल्या पटाला जाणकारांची गर्दी अधिक असते.

धुरकरी कोण हा चर्चेचा दुसरा विषय असतो. काही मालक स्वतः किंवा घरच्या तरुणाकडून जोडी हाकवतात, तर काही जण नावाजलेल्या धुरकऱ्याला बोलावतात. एका धुरकऱ्याने जोडी बदलली, तर तिची चर्चा बैल विकल्याच्या चर्चेइतकीच रंगते. तळेगाव दशासरच्या पटात महिलांसाठी स्वतंत्र शर्यत घेतली जाते. या प्रथेमुळे ते गाव विशेष ओळखले जाते.

मोटार शर्यतींशी साम्य व भेद

जोडीतील बदल, हाकणाऱ्याचे स्थलांतर, हंगामापूर्वीचा गुप्त सराव आणि सेकंदाच्या अंशावर ठरणारा निकाल या बाबी व्यावसायिक मोटार शर्यतींच्या चाहत्यांनाही परिचित आहेत. फॉर्म्युला वन या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा प्रारंभ १९५० मध्ये झाला. तिच्या आधुनिक हंगामात डिसेंबर ते फेब्रुवारी हा साधारण विश्रांतीचा काळ असतो. नवी मोटार कशी धावेल, चालक बदलल्याने संघाचे काय होईल याचे अंदाज चाहते त्याच काळात बांधतात. शंकरपटाचा ऐन हंगाम नेमका त्याच महिन्यांत असतो.

भेदही तितकेच ठळक आहेत. मोटार शर्यतीचे वेळापत्रक आदल्या वर्षीच जाहीर होते, तर पटाची तारीख पिकावर, गावच्या सोयीवर व आता प्रशासनाच्या परवानगीवर ठरते. मोटारीचा बिघडलेला भाग बदलता येतो. बैलाचा पाय मोडला तर त्याचे धावणे बहुधा कायमचे संपते. मुख्य भेद असा की मोटार निर्जीव आहे आणि बैल सजीव. शंकरपटाविषयीचा सारा कायदेशीर वाद या एका भेदातून निर्माण झाला आहे.

२०११ हे वर्ष या दोन्ही खेळांच्या दृष्टीने भारतात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ३० ऑक्टोबर रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्याच वर्षी जुलै महिन्यात केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलांच्या शर्यतींवर गदा आली. फॉर्म्युला वनची भारतीय शर्यत २०१३ नंतर करविषयक वादामुळे थांबली. पटाचे थांबणे २०१४ मध्ये पूर्ण झाले.

पाहुणचार, बाजार व रंगभूमी

पटाच्या दिवसांत गावात येणारा प्रेक्षक हा बहुतांशी कोणाचा तरी पाहुणा असतो. लेकी-जावई, व्याही, मामा-भाचे अशी मंडळी पटाच्या निमित्ताने येतात व प्रत्येक घरी पाहुणचार होतो. उपवर मुला-मुलींची स्थळे सुचवण्याचे आणि सोयरीक जुळवण्याचे कामही मंडई व पटाच्या दिवसांत होत असते. त्यामुळे पट न भरणे म्हणजे केवळ शर्यत न होणे नव्हे. वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीगाठीही त्याबरोबर हुकतात.

मैदानाभोवती मिठाई, खेळणी, बांगड्या, शेतीची अवजारे, बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा, कासरे व झुली यांची दुकाने लागतात. बैलांचे व्यवहारही येथेच बोलले जातात. पटात धावलेल्या बैलाचा वेग सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेला असल्याने खरेदीदाराला वेगळ्या खात्रीची गरज उरत नाही.

रात्री नाटक असते. पूर्व विदर्भाच्या धान पिकवणाऱ्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात व तेथील नाट्यपरंपरा झाडीपट्टी रंगभूमी म्हणून ओळखली जाते. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे या रंगभूमीचे केंद्र आहे. दिवसा पट आणि रात्री नाटक हा झाडीपट्टीतील जुना क्रम आहे. पटाच्या निमित्ताने आलेला प्रेक्षक रात्री नाटकाला थांबतो. म्हणून पटाची तारीख ठरली, की नाटक मंडळींचीही तारीख ठरते.

बंदी व न्यायालयीन लढा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. या कायद्याच्या कलम २२ नुसार ज्या प्राण्यांना करमणुकीच्या प्रयोगांसाठी शिकवणे वा वापरणे निषिद्ध आहे, त्यांच्या यादीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेद्वारे बैलाचा समावेश केला. त्यानंतर महाराष्ट्रातील शर्यतींविषयी मुंबई उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात दावे चालले.

७ मे २०१४ रोजी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलांच्या शर्यती कायद्याच्या विरुद्ध असल्याचा निकाल दिला. बैलाची शरीररचना शर्यतीत धावण्यासाठी नाही, त्याला धावायला लावताना वेदना व भय यांचा वापर होतो आणि प्राण्यालाही वेदनेपासून मुक्त असण्याचा हक्क आहे, अशी या निकालाची दिशा होती. राज्यघटनेच्या कलम ५१-अ (छ) मधील प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगण्याच्या कर्तव्याचा आधारही न्यायालयाने घेतला.

७ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने नवी अधिसूचना काढून काही अटींवर शर्यतींना सूट दिली, परंतु १२ जानेवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूत जल्लीकट्टूसाठी मोठे आंदोलन झाले व त्या राज्याने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानेही अशी दुरुस्ती संमत केली. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये हा प्रश्न घटनापीठाकडे सोपवण्यात आला.

मे २०१४ ते डिसेंबर २०२१ या काळात पूर्व विदर्भात पटाचे सात हिवाळे कोरडे गेले. बैलाच्या धावण्याच्या उमेदीची वर्षे याहून फारशी अधिक नसतात. बंदीच्या आरंभी तयार झालेली जोडी ती उठेपर्यंत म्हातारी झाली होती. काही मालकांनी बैल विकले, काहींनी ओढकामाला लावले, तर काहींनी उद्याच्या निकालाच्या आशेवर खुराक चालू ठेवला. दरवर्षी दिवाळीनंतर ‘यंदा पट होईल काय’ हा प्रश्न विचारला जाई आणि त्याचे उत्तर न्यायालयाच्या तारखेवर अवलंबून असे.

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर, दिनेश माहेश्वरी व सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने, अन्य राज्यांत शर्यती चालू असताना महाराष्ट्राला वेगळा न्याय नको या भूमिकेतून, अंतिम निकालापर्यंत अटींसह परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. दुरुस्त्यांनी व त्यांखालील नियमांनी खेळातील क्रूरता बऱ्याच प्रमाणात कमी केली आहे आणि एखादी प्रथा सांस्कृतिक वारसा आहे की नाही हे ठरवणे विधिमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. नियमांचे काटेकोर पालन करवून घेण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकण्यात आली.

नियम

राज्याच्या कायद्यान्वये केलेल्या २०१७ च्या नियमांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

• शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असते व आयोजकांना ५०,००० रुपयांची ठेव द्यावी लागते.
• धावपट्टीची लांबी १,००० मीटरपेक्षा अधिक असू नये.
• एका बैलाला एका दिवसात तीनपेक्षा अधिक वेळा पळवू नये.
• शर्यतीपूर्वी पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी करून घ्यावी.
• काठी, चाबूक, पराणी, विजेचा धक्का देणारी साधने किंवा उत्तेजक द्रव्ये वापरू नयेत.
• नियमभंग करून बैलाला इजा करणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

आक्षेप व समर्थन

प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या मते शर्यतीतील क्रूरता नियमांनी पूर्णपणे दूर होत नाही. शेपटी पिरगाळणे, टोकाला आर बसवलेली तुतारी टोचणे, मद्य पाजणे असे प्रकार पूर्वी शर्यतींत होत असत. ते आजही लपूनछपून होतात आणि गर्दीत त्यांवर लक्ष ठेवता येत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. गाडी उलटून किंवा जोडी प्रेक्षकांत शिरून बैल व माणसे जखमी होण्याचा धोकाही त्या दाखवतात. पैजा लावणे हा आणखी एक आक्षेपाचा विषय आहे.

समर्थकांचे म्हणणे असे की ट्रॅक्टर आल्यापासून शेतीत बैलाची गरज घटत आहे आणि पटामुळेच काही घरांत बैल टिकून आहेत. पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. या घटीला पाऊस, चाराटंचाई, यांत्रिकीकरण व अन्य कारणे आहेत. तिचा संबंध एकट्या शर्यतबंदीशी जोडता येत नाही. तरी ओढकामाच्या बैलाला बाजार उरला नाही तर स्थानिक गोवंशाचे काय होईल, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांना मान्य आहे.

पटशौकिनांतही एकमत नाही. न टोचता, केवळ आवाजावर धावणारी जोडीच खरी जोडी, असे मानणारा जुन्या जाणकारांचा एक वर्ग आहे. नियमांमुळे पटाचे नुकसान झाले नसून उलट बैलाची खरी पारख होऊ लागली, असे त्यांचे मत आहे.

सद्यःस्थिती

परवानगी मिळाल्यानंतरचा पहिला हंगामही निर्विघ्न पार पडला नाही. जानेवारी २०२२ मध्ये कोविडच्या तिसऱ्या लाटेमुळे गर्दीवर निर्बंध आले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात गोवंशात लम्पी चर्मरोगाची साथ पसरल्याने राज्यात जनावरांचे बाजार, वाहतूक व शर्यती यांवर बंधने घालण्यात आली. त्यानंतर पट पुन्हा भरू लागले.

दीर्घ खंडामुळे काही बदल झाले आहेत. बंदीच्या काळात वाढलेल्या तरुणांनी लहानपणी पट पाहिलेलाच नव्हता. त्यांना जोडी हाकण्याची कला घरातील वडीलधाऱ्यांकडून नव्याने शिकावी लागली. ठेव, परवानगी, पशुवैद्यक, रुग्णवाहिका व कुंपण यांचा खर्च वाढल्याने लहान गावांना पट भरवणे अवघड जाते व काही गावांचा पट पुन्हा सुरू झालेला नाही. दुसरीकडे मोठ्या पटांना राजकीय आश्रय मिळू लागला असून बक्षिसांत मोटारसायकल व ट्रॅक्टर यांचा समावेश होऊ लागला आहे. मोठ्या बक्षिसांमुळे दूरच्या जिल्ह्यांतील महागड्या जोड्या येतात आणि स्थानिक शेतकऱ्याची जोडी मागे पडते. म्हणून काही समित्या स्थानिक जोड्यांसाठी वेगळा गट ठेवतात.

तुमसर परिसरात आता मळणीसाठी सर्रास यंत्रे वापरली जातात आणि चिखलणी ट्रॅक्टरने होते. ज्या कामातून पटाचा बैल तयार होत असे, ते काम त्याच्याकडे राहिलेले नाही. तरीही पुंजणे मोडून धान बाजारात गेले, की पटाच्या पत्रकाची वाट पाहिली जाते आणि कोणाची जोडी यंदा उतरणार ही चर्चा सुरू होते.

हेही पाहा

• पोळा
• झाडीपट्टी रंगभूमी
• बैलगाडा शर्यत
• कंबळा
• जल्लीकट्टू